अनुभव धागा: ‘माया ही, माया हू’ तुमच्या कानावर पहिल्यांदा कधी पडलं?

परवा सोसायटीच्या कोजागरीला डीजेवाल्या पोराने मध्येच ‘माया ही, माया हू’ लावलं आणि चाळिशी ओलांडलेले आम्ही सहा-सात जण मसाला दुधाचे ग्लास हातात धरूनच उठलो. लेकीने विचारलं, "बाबा, ही कुठली भाषा?" वीस वर्षं नाचतोय, पण हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. रात्री बसून वाचलं.

गाण्याचं नाव ‘द्रागोस्तेआ दिन तेई’. भाषा रोमानियन, पण गाणारे तिघं मोल्दोवाचे: दान बालान, राडू सिर्बू आणि आर्सेनिए तोदिराश. ग्रुपचं नाव ओ-झोन. मोल्दोवा म्हणजे युक्रेन आणि रोमानियाच्या मध्ये चेपलेला देश, महाराष्ट्रात असे नऊ मावतील. पोरं नशीब काढायला बुखारेस्टला गेली, 2003 मध्ये हे गाणं आलं आणि 2004 च्या उन्हाळ्यात त्याने युरोप खाल्ला. जर्मनीत 14 आठवडे पहिला नंबर, फ्रान्समध्ये 15, सगळ्या युरोपच्या एकत्रित यादीत 12. ब्रिटनमध्ये मात्र तिसऱ्यावर अडकलं. इटलीत तर हायदुची नावाच्या रोमानियन गायिकेने आपलं व्हर्जन आधी काढून पहिला नंबर मारला, मग हक्कांवरून भांडण.

माझा अनुभव: 2004, पुणे, चाळीस रुपयांची एमपीथ्री सीडी, दीडशे गाणी, निम्म्यांची नावं चुकलेली. हे ‘माया ही डीजे मिक्स’ या नावाने होतं. आजी वाती वळत बसली होती. चार ओळी ऐकून म्हणाली, "खरंय बाई, सगळी मायाच. कुठल्या महाराजांचं रे?" मग ‘नुमा येई’ आलं तशी तिची खात्रीच पटली. मी म्हटलं, उत्तरेकडचे आहेत. पुढे कितीतरी दिवस ती देवापाशी ‘माया ही’ गुणगुणायची, ‘हू’ आणि ‘हा हा’ वगळून.

आता तुम्ही लिहा. कुठे ऐकलंत, काय ऐकू आलं?

चौथी_सीट
2004 च्या मे महिन्यात कंपनीने स्टुटगार्टला पाठवलं. पहिली परदेशवारी, बॅगेत कुकर आणि तीन किलो भाजणी. हे गाणं ट्रामच्या स्टॉपवर, सुपरमार्केटमध्ये, शेजारच्या बाल्कनीत, सगळीकडे. टीव्हीवर रात्री रिंगटोनच्या जाहिराती चालायच्या, त्यातही हेच. जर्मनांनाही शब्द कळत नव्हते, सगळे नुसतं तोंड हलवायचे. परक्या देशात सगळेच माझ्याइतके अडाणी, या एका गोष्टीने मला त्या शहरात बरं वाटायला लागलं, खोटं नाही सांगत.

टीममध्ये क्लुजची एक रोमानियन मुलगी होती. तिला हे गाणं लागलं की लाज वाटायची, आपल्याला परदेशात कुणी ‘नागीण डान्स’ करून दाखवला की वाटते तशी. एकदा कँटीनमध्ये धरून बसवलं, अर्थ सांग म्हणून. तर गाण्यातला माणूस फोनवर आहे. आधी म्हणतो, मी हायदुक बोलतोय. हायदुक म्हणजे तुर्की अमलातले रानावनात राहणारे बंडखोर लुटारू, लोककथांमध्ये श्रीमंताला लुटून गरिबाला देणारे. मग म्हणतो, मी पिकासो. आणि मग म्हणतो, तुला बीप दिला होता.

बीप म्हणजे काय, तर एक रिंग द्यायची आणि कट करायचा, पैसे वाचवायला. मी उडालोच. म्हटलं, अगं, याला आम्ही मिस कॉल म्हणतो! तोवर मला वाटत होतं हा शोध आपल्याच देशाचा. त्याच खिशातल्या फोनवरून मी रोज रात्री भारतात एक रिंग देत होतो आणि बाबा लँडलाइनजवळ उशी घेऊन बसत होते.

सुट्टे_पैसे
लेझमीवर बसतं. करून बघा.

दुपारची_झोप
‘नुमा येई’ वर माझ्याकडे किस्सा आहे. तेव्हा मी पुण्यात जपानी शिकत होते. 2005 मध्ये हे गाणं जपानमध्ये गाजलं तेव्हा तिकडे त्याचं फ्लॅश अॅनिमेशन फिरत होतं. जपान्यांना ‘नुमा’ च्या जागी ऐकू आलं ‘नोमा’, म्हणजे पिण्याशी संबंधित. त्यामुळे त्यांच्या व्हिडिओत मांजर पीत बसलंय, चला पिऊ या, येई! आमच्या सेन्सेईंनी वर्गात ‘नोमु’ क्रियापदाची रूपं याच्यावरून शिकवली, आजतागायत विसरले नाही. मग रेकॉर्ड कंपनीने त्या मांजराची खेळणी-बिळणी विकायला काढली आणि नेटवरची मंडळी खवळली, कारण मांजर त्यांच्या चावडीवरच्या ‘मोना’ मांजरावरूनच उचललेलं होतं. कंपनीला ट्रेडमार्कचा नाद सोडावा लागला.

एकाच आवाजात तुमच्या आजीला देव दिसला आणि तिकडे दारू!

कानसेन_नव्हे
एवढं कौतुक कशासाठी? ठोकळेबाज ठेका, तीन पोरं विमानाच्या पंखावर नाचतायत. त्यातली मूळ चाल बरी आहे हे मान्य, पण ती रिहानाची आहे.

पाटावरवंटा
@कानसेन_नव्हे, उलट आहे हो. रॅपर टी.आय. आणि रिहानाचं गाणं 2008 चं, त्यात ओ-झोनचाच तुकडा घेतलाय. आणि गंमत बघा, मूळ गाणं अमेरिकेत यादीच्या तळाशी कुठेतरी घुटमळलं, तुकडा मात्र पहिल्या नंबरवर गेला. सासरी राबली थोरली, कौतुक धाकटीचं.

अमेरिकेत मूळ गाणं पोचलं तेही रेडिओमुळे नाही. न्यू जर्सीच्या गॅरी ब्रोल्स्मा नावाच्या पोराने डिसेंबर 2004 मध्ये वेबकॅमसमोर खुर्चीत बसून हातवारे करत नुसते ओठ हलवले, त्यामुळे. आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर ती फाइल होती. यूट्यूब तेव्हा जन्माला यायचं होतं. आमचा एक रूममेट हुबेहूब तस्सा भुवई उडवायचा. आज तो एका जिल्ह्यात मोठा अधिकारी आहे, म्हणून इथेच थांबतो.

ओली_काजूबी
गोव्यात मोरजीला आमची खानावळ होती. रशियन गिऱ्हाइकं यायची, त्यांना सगळे शब्द पाठ. आमचा वेटर ‘माया ही’ सुरू झालं की ‘माया आयली’ म्हणून आत ओरडायचा, कारण स्वयंपाकघरातल्या बाईचं नाव माया. तिला पहिल्या आठवड्यात खरंच वाटायचं की बाहेरून कुणी बोलावतंय.

तिसऱ्या_मजल्यावरून
मी सध्या मोल्दोवाच्या राजधानीत, किशिनाऊला, मेडिकलच्या चौथ्या वर्षाला. नगरचा. गाण्याच्या नावातलं ‘तेई’ म्हणजे लिंडनचं झाड. जूनमध्ये इथे रस्ते त्या फुलांच्या वासाने भरतात, थोडा मधासारखा वास. रोमानियन कवितेत प्रेमिकांनी याच झाडाखाली भेटायचं असतं. ताप आला की हॉस्टेलची मावशी त्याच वाळलेल्या फुलांचा चहा आणून देते, आपल्याकडे गवती चहा देतात तसा. गाणं म्हणाल तर इथे कुणी लाजत नाही. 2005 मध्ये ग्रुप फुटला, पण 2017 मध्ये तिघं पुन्हा इथे गायला उभे राहिले होते, आमच्या प्रोफेसर बाई त्या गर्दीत होत्या हे त्या दर वर्षी नव्या बॅचला सांगतात.

चौथी_सीट
@तिसऱ्या_मजल्यावरून, ‘नुमा येई’ चा अर्थ तिने मला सांगितला होता पण विसरलो रे.

तिसऱ्या_मजल्यावरून
तुला निघायचंय, पण मला नेत नाहीस, असं काहीसं दादा.

मधली_आत्या
हे वाचून लिहावंसं वाटलं. माझा भाचा युक्रेनमध्ये ओदेसाला शिकत होता. युद्ध पेटल्यावर 2022 च्या मार्चमध्ये पलांकाच्या सीमानाक्यावरून मोल्दोवात शिरला. बॅटरी वाचवायची म्हणून ठरलं होतं, बोलायचं नाही, व्हॉट्सअॅपवर नुसती रिंग द्यायची. एक म्हणजे बस मिळाली, दोन म्हणजे नाका ओलांडला. वहिनीने तो फोन दोन दिवस पदराला बांधल्यासारखा धरला होता. दुसऱ्या रात्री अडीचला एक रिंग आली आणि कट झाला. आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो. पाच मिनिटांनी दुसरी आली.

गाणं मी आज पहिल्यांदा लावलं. ते पिकासो-बिकासो मला काही कळलं नाही, पण तो ‘बीप’ हा शब्द बरोब्बर ऐकू आला.