वारीत मोबाईल काढला की भक्ती खोटी?

तुळसवाली:
आमच्या गावच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय: "वारीत रील काढतो तो वारकरीच नव्हे. स्वतःशी प्रामाणिक असाल तर मोबाईल घरी ठेवून या." खाली नुसता 'राम कृष्ण हरी'चा पाऊस. आणि लिहिणाऱ्या साहेबांचा प्रोफाईल फोटो? दिवे घाट, हातात टाळ, कपाळी बुक्का, नजर लांब डोंगराकडे. हा काय माउलींनी काढला का?

माझ्या सासूबाई माळकरी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण मुक्कामावर पोचल्या की जनरेटरच्या गाडीपाशी चार्जिंगच्या पिनसाठी भांडतात, नातीला व्हिडिओ कॉल लावतात, स्टेटसला फुगडी टाकतात. कोणी छान म्हटलं की खूश होतात. म्हणून त्यांची माळ तुटली का? चारचौघांत मिरवायची हौस मोबाईलने आणलेली नाही. विणेकऱ्याचा मान, दिंडीचा नंबर, यावरून रुसवेफुगवे आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळीही होते.

रथापुढचा:
मान आणि मिरवणं एकच का हो ताई? माउलींच्या पालखीच्या रथापुढच्या 27 दिंड्यांचा क्रम लाइक मोजून लागलेला नाही. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांनी लावलेली शिस्त आहे ती. मुक्कामावरच्या समाजआरतीला येऊन बघा, चोपदारांनी दंड उंचावला की अख्खा तळ गप्प. तिथे कोणाला सांगावं लागत नाही.

यंदा रिंगणानंतर खेळ चालले होते. एका पोराने दोन म्हाताऱ्यांना फुगडी परत घालायला लावली. "आजोबा, ऊन मागून येतंय, जरा इकडे तोंड करून घाला." आणि त्यांनी घातली! पहिली विठ्ठलाची समजू, दुसरी कोणासाठी?

हप्त्यावरचा मोबाईल:
पेपरात दिवे घाटाचा फोटो आला की तुम्हीच कापून ठेवता. भल्या मोठ्या कॅमेऱ्याने काढला की कला, आमच्यासारख्याने काढला की पाखंड. 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हाही हीच मंडळी म्हणत होती, बरं झालं, गावंढळांचा बाजार उठला. दुखणं रीलचं नाही, रील कोण काढतंय त्याचं आहे.

रथापुढचा:
उगाच माझ्या तोंडी काही घालू नका. मीही शेतकऱ्याचाच पोर आहे.

नीराकाठ:
तुमचं खरं-खोटं चालू द्या. पादुकांचं नीरास्नान असतं त्या दिवशी बायाही नदीवर अंघोळ उरकतात. दोघी लुगडं धरतात, तिसरी बदलते. यंदा त्या आडोशाच्या बरोब्बर डोक्यावर ड्रोन. एका आजींनी वर बघून चप्पल उगारली, तर काठावरची पोरं हसली. यावर बोला कोणीतरी.

हप्त्यावरचा मोबाईल:
ताई, तो मुद्दाम नसेल उडवला. नदीकाठची गर्दी दिसते छान वरून. आता उघड्यावर म्हटल्यावर थोडंफार...

नीराकाठ:
थोडंफार काय? वाक्य पुरं करा. तुमच्या घरची बाई त्या लुगड्याआड होती असं समजून पुरं करा.

हप्त्यावरचा मोबाईल:
बरं बाई, ड्रोन वाईट. झालं समाधान?

नीराकाठ:
नाही.

वाल्हेकर:
मूळ विषय सोडून लिहितोय, पण राहवत नाही. आमची मावशी वेळापूरच्या धाव्याला उतारावरून पळताना रडते. दर वर्षी रडते, तिथे कितीतरी जण रडतात. तुकोबांना तिथून कळस दिसला म्हणून धावायचं, एवढंच. कोणीतरी तिचा व्हिडिओ काढला, मागे सनई लावली आणि वर लिहिलं, "मुलांनी टाकलं, विठ्ठलाने सांभाळलं." दोन्ही मुलं तिला जीव लावतात. एक तर त्याच दिंडीचा पाण्याचा टँकर चालवत होता! आता सोयरे फोन करून धाकट्या सुनेला विचारतात, काय गं, सासूला काय केलंस? सून घराबाहेर पडेना. मावशी म्हणते, पुढच्या वारीला डोळ्यांत पाणी आलं तरी पदर घेईन तोंडावर.

त्याच व्हिडिओत शेवटी गुडघेदुखीच्या तेलाची बाटली. जाहिरात असेल तर तसं लिहायचं, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम 2021 पासून आहे. इथे नावालाही नाही.

तुळसवाली:
हे भयंकर आहे. पण माझ्या सासूबाई स्वतःचं स्टेटस स्वतः टाकतात, त्यांना या पंगतीत बसवू नका.

रथापुढचा:
बसवत नाही. स्वतःचं तोंड स्वतः दाखवणाऱ्याला मी काय अडवणार? पण ही सगळी कीड त्याच हौसेतून वाढली, हे म्हणणं सोडणार नाही. वाल्हेकर, रिपोर्ट केला का?

वाल्हेकर:
केला. नियमांचं उल्लंघन आढळलं नाही, असं उत्तर आलं. मग त्या पोरालाच मेसेज केला. तो म्हणतो, "काका, काढून टाकतो ना, पण कमेंट तर सगळ्या आजींच्या बाजूने आहेत." अजून काढून टाकलेला नाही.

हप्त्यावरचा मोबाईल:
लिंक इथे टाकू नका, अजून पसरेल. मला वेगळी पाठवा. असली बाटलीवाली पोरं माझ्या ओळखीत आहेत, कोणाचं काम आहे ते काढतो शोधून.

रथापुढचा:
मलाही पाठवा. आमच्या दिंडीतली पोरं मिळून रिपोर्ट करतील, मोबाईल तेवढ्यासाठी तरी कामाला येऊ दे. आणि तुळसवाली, तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही.