बाबांच्या कातडीपासून मेंदूच्या पेशी करतात म्हणे, पार्किन्सनला उपयोग होईल का?

बागाईतदाराची लेक:
बाबा ६९ वर्षांचे, पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग. पार्किन्सनला चार वर्षं झाली. उजवा हात इतका थरथरतो की विरळणीची कात्री गेल्या हंगामापासून खुंटीलाच आहे. नाशकात एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या म्हणाले, काही लाखांचा खर्च. आणि मी वाचलं, की रुग्णाच्या कातडीपासून लॅबमध्ये मेंदूच्या पेशी बनवतात. हे दोन्ही एकच का? बाबा म्हणतात, "कातडी काय, लागेल तेवढी घेऊ दे. पण खरं ते कळू दे."

नाशिकरोडचा:
ताई, दोन्ही अगदी वेगळं. मी बंगळुरूत याच पेशी वाढवतो. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशीत चार जनुकं घालून तिची पुन्हा मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल केली, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिच्यापासून आम्ही डोपामिनच्या पेशी करतो, म्हणजे पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ज्या मरतात त्या. महिना-दीड महिना जातो, रविवारीसुद्धा खाद्य बदलायला यावं लागतं. जिवंत माणसाच्या मेंदूतून त्या काढून बघता येत नाहीत, म्हणून हा खटाटोप: रोग कुठून सुरू होतो ते बघायचं, औषधं तपासायची. काकांच्या अंगात यातलं काही जात नाही.

अडचण वयाची आहे. खरड छाटणीनंतर जुन्या वेलीला कोवळी फूट येते ना, तसं पेशीचं वय पुसलं जातं. ६९ वर्षांचा माणूस, डिशमध्ये पेशी मात्र गर्भातल्यासारखी.

इंजेक्शनचं म्हणाल तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत पार्किन्सनसाठी ते मान्य उपचार नाहीत, चाचणीतच देता येतात. पैसे मागत असतील तर कृपा करून देऊ नका.

बागाईतदाराची लेक:
नाही देणार. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "फूट कोवळी असली तरी वेल तीच. ताण पडला की दुखणं दिसतंच."

नाशिकरोडचा:
काका अगदी बरोबर बोलले! आम्ही तेच करतो. पार्किन्सनशी संबंध असलेल्या एलआरआरके२ जनुकात दोष असलेल्या रुग्णाची पेशी घ्यायची, तिच्याच जोडीला दोष दुरुस्त केलेली ठेवायची आणि दोघींना ताण द्यायचा. त्यासाठी रोटेनोन हे कीटकनाशक अगदी किंचित वापरतात.

बागाईतदाराची लेक:
कीटकनाशक ऐकून बाबा गप्प झाले. तीस वर्षं पंप त्यांच्याच पाठीवर होता, तोंडाला नुसता रुमाल. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. गुरुवारी दाखवायला जायचंय, तेव्हा सांगते.