नव्ह-शापेल (उत्तर फ्रान्स): मुंबईत बसून या गावाचा भूगोल आणि इतिहास कसा जमवायचा?

मुळाक्षर_दादर

नमस्कार मंडळी. आमच्या इतिहास-अभ्यास गटासाठी नव्ह-शापेल या लहान फ्रेंच गावावर वीसेक पानांचं टिपण तयार करायचं आहे. भारतीय सैनिकांचं स्मारक तिथे आहे एवढ्यावर बहुतेक मराठी लेख थांबतात. मला गाव हवं आहे: जमीन कशी, पाणी कुठून कुठे जातं, १९१४ च्या आधी गाव कोणाच्या सत्तेखाली होतं, पहिल्या महायुद्धात नेमकं काय झालं आणि नंतर ते पुन्हा कसं उभं राहिलं.

अडचणी तीन. गावाचं नाव टाकलं की लढाईचीच पानं समोर येतात. जुने दस्त कुठल्या दप्तरात असतील ते कळत नाही. आणि स्मारकाचा पत्ता काही ठिकाणी रिशबूर असा दिला आहे, तो चुकीचा आहे का? फ्रेंच मला वाचता येतं, सावकाश.

समपातळी_रेषा

आधी शोधाचं बघू. नावात दोन शब्दांमध्ये आडवी रेघ आहे: एन-ई-यू-व्ही-ई, रेघ, सी-एच-ए-पी-ई-एल-एल-ई. त्यापुढे विभागाचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या घटकाचं) नाव, पा-द-काले, किंवा त्याचा क्रमांक ६२ जोडा. फ्रान्समधल्या प्रत्येक कम्यूनला, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेल्या गावाला किंवा शहराला, सांख्यिकी संस्थेचा, म्हणजे इन्सेचा, पाच अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले दोन अंक विभागाचे असतात. पिनकोडही पाच अंकीच असतो, पण तो शेजारच्या चार-सहा गावांना एकच असू शकतो. पिनकोडवरून लोकसंख्या किंवा क्षेत्रफळ काढलंत तर भलत्याच गावाचा आकडा पदरात पडेल. इन्सेचा संकेतांक शोधून टिपणाच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा.

आता जमीन. गाव लीस नदीच्या खोऱ्यात, बेत्यूनच्या ईशान्येच्या सखल मैदानात आहे. समुद्रसपाटीपासून उंची वीसेक मीटर. दक्षिणेला ला बासे, उत्तरेला एस्तेर, आणि या दोघांना जोडणारा रस्ता (आजचा डी ९४७) गावाच्या पश्चिम कडेने जातो. माती चिकण, उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पावसाचं पाणी मुरतही नाही आणि वाहूनही जात नाही. शेतांच्या कडेने खणलेले चर ते पाणी ले नावाच्या ओढ्याला देतात आणि ओढा पुढे लीसकडे जातो. हे चर बुजले की शेत तुंबतं. तिथल्या शेतीचा सगळा हिशेब या चरांवर चालतो, म्हणून नकाशात रस्त्यांआधी चर बघा.

पूर्वेला ओबेरचा कणा आहे. त्याला कणा म्हणतात खरं, पण मैदानापासून त्याची उंची जेमतेम १५-२० मीटर. कोकण-घाट पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना तो टेकडी म्हणूनही जाणवणार नाही. पण सपाट मुलखात एवढी उंचीसुद्धा तोफांच्या निरीक्षकाला पुरते, आणि कण्यावरची जमीन कोरडी राहते. १९१४ च्या शरदात जर्मनांनी तो कणा हाती ठेवला, समोरच्या ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या वाट्याला चिखल आला.

खंदकांबद्दल लिहाल तेव्हा एक सांभाळा. या भागात हिवाळ्यात थोडं खणलं की पाणी लागतं, त्यामुळे खोल खंदक टिकत नाहीत. इथे उथळ चर खणून त्याच्या पुढेमागे मातीच्या पोत्यांची भिंत रचत. सोमच्या खडूच्या जमिनीतल्या खोल खंदकांचं वर्णन इथे चिकटवणं ही लेखांमधली नेहमीची चूक आहे.

नकाशे या क्रमाने घ्या: कासिनीचा अठराव्या शतकातला (१:८६,४००), मग एकोणिसाव्या शतकातला लष्करी सर्वेक्षणाचा (१:४०,०००), मग आजचा. फ्रेंच नकाशा संस्थेच्या ‘रमोंते ल तां’ या संकेतस्थळावर जुने हवाई फोटो आणि आजचे फोटो शेजारी शेजारी ठेवता येतात. मातीसाठी भूगर्भ संस्थेच्या ‘अँफोतेर’वर १:५०,००० चा भूशास्त्रीय नकाशा आहे. कासिनीच्या नकाशावर अंतरं मोजत बसू नका. चर्चचे मनोरे त्यात बरे बसवलेले आहेत, वाड्या-वस्त्या मात्र अंदाजाने.

आर्त्वा_दप्तर

वरचं उत्तर उत्तम. मी दस्तांचं सांगतो.

सत्ता कोणाची, हा प्रश्न आधी सोडवा, कारण दप्तर त्यावर ठरतं. हा मुलूख आर्त्वा काउंटीचा. १६४० मध्ये फ्रेंचांनी आरास घेतलं आणि १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने आर्त्वाचा बहुतेक भाग फ्रान्सला मिळाला. त्याआधी तो स्पॅनिश नेदरलँड्सचा. म्हणून सतराव्या शतकाच्या मध्यापूर्वीचं काही हवं असेल तर आराससोबत लीलच्या नोर विभागीय दप्तरातही बघावं लागतं, कारण फ्लँडर्सच्या काउंटांच्या हिशेबखात्याचे कागद तिथल्या बी मालिकेत आहेत (फ्रेंच दप्तरांत दस्तांचे गट असे अक्षरांनी ओळखतात). कम्यून ही आजची संस्था १४ डिसेंबर १७८९ च्या हुकुमाने आली आणि पा-द-काले विभाग १७९० मध्ये.

जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्यापर्यंत चर्च ठेवी, त्यानंतर नगरपालिका. इथेच खरी गोम आहे. गाव युद्धात जमीनदोस्त झालं आणि गावातले कागदही गेले. आरासमधल्या सँ-व्हास्त राजवाड्याला जुलै १९१५ मध्ये बाँबफेकीने आग लागली, त्यात विभागीय दप्तराचा मोठा भाग जळाला. मग हाती काय राहतं? १६६७ च्या राजाज्ञेपासून नोंदवह्यांच्या दोन प्रती ठेवायचा नियम होता, एक गावात आणि एक न्यायालयात. उत्तर फ्रान्समधल्या उद्ध्वस्त गावांच्या बाबतीत ही न्यायालयाची प्रतच आधार ठरते. विभागीय दप्तराच्या संकेतस्थळावर गावाच्या नावापुढे एखाद्या वर्षांच्या पट्ट्यात काहीच दिसलं नाही तर ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ती प्रत टिकली नाही एवढाच त्याचा अर्थ.

१७९३ ते १८०५ च्या नोंदींवर क्रांतीच्या पंचांगातल्या तारखा असतात. रूपांतराचा तक्ता जवळ ठेवा, नाहीतर एक वर्ष पुढेमागे होतं. नाव शोधायला आधी दशवार्षिक सूची उघडा, मग मूळ पान. जन्म आणि विवाहाच्या नोंदी ७५ वर्षं बंद असतात.

जमिनीसाठी पी मालिका. १५ सप्टेंबर १८०७ च्या कायद्याने सुरू झालेल्या नेपोलियनच्या मोजणीचा आणि आपल्याकडच्या सातबाऱ्याचा घाट सारखाच आहे: नकाशावर तुकड्याचा क्रमांक, एका वहीत त्या क्रमांकापुढे पिकाचा प्रकार आणि क्षेत्र, दुसऱ्या वहीत मालकाच्या नावाखाली त्याचे सगळे तुकडे. संपूर्ण गावाचा जोड-नकाशा आधी उतरवा, त्यावरून अ, ब, क असे विभाग ठरवा आणि मगच मोठ्या प्रमाणावरचे तुकड्यांचे नकाशे उघडा. उलट गेलात तर दिशाच कळत नाही. दर पानावर उत्तर वरच असेल असं नाही, बाण बघा.

लोकसंख्येसाठी एम मालिकेतल्या जनगणनेच्या नावनिशीवार याद्या. १९११ आणि १९२१ च्या मिळाल्या तर शेजारी ठेवा. कोण परतलं, कोण नाही, कुठली आडनावं नवी आली, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. १९१६ ची गणना झालीच नाही.

पुनर्बांधणीचं दप्तर आर मालिकेत. १७ एप्रिल १९१९ च्या कायद्याने युद्धात ज्याचं घर-शेत गेलं त्याला भरपाईचा हक्क मिळाला. त्या फायलींत घराचा आराखडा, खोल्या, गोठा, अवजारं, किमती असं सगळं येतं. तुमच्या टिपणातला सगळ्यात जिवंत भाग यातूनच निघेल, म्हणून वेळ इथे घाला. आज तिथे दिसणारी विटांची घरं आणि चर्च बहुतेक त्या वीसच्या दशकातली आहेत.

मुळाक्षर_दादर

दोघांचेही मनापासून आभार. रिशबूरचा प्रश्न मात्र उरला. आणि लढाईत आपल्याकडची, म्हणजे मुंबई इलाख्यातली, कुठली तुकडी होती का? मराठा पलटणी तिथे होत्या असं एका लेखात वाचलं.

खडकी_वाचनालय

रिशबूर बरोबर आहे. स्मारकाला नाव नव्ह-शापेलचं, पण ते उभं आहे ला बाँब चौकात, डी ९४७ आणि डी १७१ जिथे छेदतात तिथे, आणि ती जमीन रिशबूर कम्यूनच्या हद्दीत येते. त्यामुळे जागेची कागदपत्रं शोधताना रिशबूरचं दप्तर बघा. त्यात आणखी एक पेच: आजचं रिशबूर १९७१ मध्ये रिशबूर-लाव्हुए आणि रिशबूर-सँ-व्हास्त ही दोन गावं एकत्र करून झालं. त्याआधीचं सगळं या दोन जुन्या नावांखाली मिळेल.

मराठा पलटणींबद्दलचं वाक्य गाळा. त्या युद्धात मराठा पायदळाचा भर मेसोपोटेमियात होता. इथे शोधायची ती तिसरी सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे खडकीचे बॉम्बे सॅपर्स. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर नव्ह-शापेलमध्ये शिरल्या. सुरुंग आणि पूल हे ज्यांचं काम, ते त्या दिवशी पायदळासारखे घराघरांतून लढले. कुमक आली नाही, प्रतिहल्ला झाला आणि भयंकर हानी सोसून त्यांना मागे यावं लागलं. मराठीत यावर फार थोडं लिहिलं गेलं आहे. याला तुमच्या टिपणात स्वतंत्र पानं द्या.

मोठी लढाई १० ते १३ मार्च १९१५. ३४० च्या आसपास ब्रिटिश तोफांनी सकाळी साडेसातला सुरू केलेला भडिमार ३५ मिनिटं चालला आणि ८ वाजून ५ मिनिटांनी पायदळ निघालं. हवाई फोटोंवरून काढलेले शत्रूच्या खंदकांचे नकाशे आधीच वाटलेले होते. गाव सकाळीच हाती आलं. पुढे घोडं अडलं ते का, हे नीट लिहा. डाव्या टोकाला ज्या जड तोफांनी काम करायचं त्या आदल्या दिवशी पोहोचल्या होत्या, नेम बसवायला वेळ मिळाला नाही, काटेरी तारा तशाच राहिल्या आणि तिथलं ब्रिटिश पायदळ तारांवरच कापलं गेलं. टेलिफोनच्या तारा तुटल्यामुळे राखीव तुकड्यांना हुकूम काही तास उशिरा मिळाले. तेवढ्यात जर्मनांनी फळी बांधली. ओबेरचा कणा हाती आला नाही. ब्रिटिश बाजूची हानी साडेअकरा हजारांहून जास्त, त्यात भारतीय कोअरची चार हजारांच्या वर. रायफलमन गबरसिंह नेगी यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १० मार्चच्या पराक्रमासाठी, मरणोत्तर.

स्मारकाचं उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झालं, वास्तुकार हर्बर्ट बेकर. वर्तुळाकार आवार, सुमारे १५ मीटरचा खांब, पायथ्याशी दोन वाघ, एका बाजूला सांचीच्या धाटणीचे कठडे आणि मागच्या अर्ध्या भिंतीवर ज्यांची कबर वा चितास्थान ठाऊक नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं. नावं पलटणीप्रमाणे कोरलेली आहेत, म्हणून राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत आधी पलटण निवडा. पुढे ‘अधिक माहिती’च्या रकान्यात वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. साताऱ्याचं किंवा रत्नागिरीचं गाव इंग्रजी कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा तीन-चार स्पेलिंगं करून बघा. १९६४ मध्ये इथे आणखी एक ब्राँझचा फलक बसवला, जर्मनीतल्या झेरेन्सडॉर्फच्या दफनभूमीतल्या सुमारे दोनशे युद्धकैद्यांचा. ती दफनभूमी नंतर पुन्हा नीट केली गेली. त्यामुळे तीच माणसं दोन ठिकाणी सापडतात, मोजताना दुबार धरू नका.

समपातळी_रेषा

ब्रिटिश खंदक-नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. हा भाग शीट ३६ च्या नैर्ऋत्य चतुर्थांशात येतो. युद्धरोजनिशीतले संदर्भ असे वाचा: मोठं अक्षर म्हणजे मोठा चौकोन, त्यानंतरचा आकडा म्हणजे १,००० यार्डांचा चौरस, लहान ए-बी-सी-डी म्हणजे त्याचे ५०० यार्डांचे चार भाग, आणि शेवटचे दोन अंक म्हणजे त्या भागाच्या दशांशांत आधी पूर्वेकडे, मग उत्तरेकडे. क्रम उलटा घेतला की जागा काही शे यार्ड सरकू शकते, आणि एवढ्या लहान गावात तेवढ्याने रस्ता बदलतो.

आर्त्वा_दप्तर

१९१५ वर थांबू नका. ९ एप्रिल १९१८ रोजी लीसच्या लढाईत जर्मन हल्ला याच पट्ट्यातल्या पोर्तुगीज डिव्हिजनवर कोसळला. स्मारकाजवळच पोर्तुगीजांची १,८३१ कबरींची दफनभूमी आहे. गावातला भग्न क्रूस, ज्याला पोर्तुगीज ‘खंदकांचा ख्रिस्त’ म्हणतात, फ्रान्सने १९५८ मध्ये पोर्तुगालला दिला. तो आज बातालयाच्या मठात अज्ञात सैनिकांच्या समाधीपाशी आहे.

गावच्या नगरपालिकेला, म्हणजे मेरीला, पत्र फ्रेंचमध्ये आणि एकाच प्रश्नाचं पाठवा. लहान मेरी आठवड्यात थोडेच तास उघडी असते. फोन करणार असाल तर आपली घड्याळं उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतात हे धरून वेळ ठरवा.