दहा नको, तीनच शब्द घ्या
इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा तर डिक्शनरीतून रोज दहा शब्द पाठ करा, असं कुणीतरी सांगितलंय. मी म्हणेन तीनच घ्या, पण वाचनातून. आपल्या नागपुरात 'द हितवाद' हा इंग्रजी पेपर १९११ पासून निघतोय. त्यातली शहराची पानं वाचा. सीताबर्डीच्या ट्रॅफिकची भानगड आपल्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो. मग तो वाक्यासकट वहीत उतरवा. नुसता 'रिलक्टंट' नको, 'ही वॉज रिलक्टंट टू लीव्ह' असं अख्खं.

आणि उजळणी सोडू नका बरं! दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, अर्थावर हात ठेवून. पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय. स्पर्धा परीक्षेची पोरं याद्या घोकून थकतात, ते पाहून खरंच जीव तुटतो. त्यांना हे नक्की सांगा.