मदत हवी आहे: दोघींच्या उंचीत आठ इंचांचा फरक असताना ओटा किती उंच ठेवावा?

नमस्कार. नेरूळमधील सिडकोच्या जुन्या इमारतीतील आमचे स्वयंपाकघर नव्याने करायचे आहे. ओटा सरळ आठ फुटांचा असून तो वाढवता येणार नाही; प्रश्न उंचीचा आहे. मिस्त्रींच्या मते ओटा ३२ इंचांचाच असतो आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही. (काम संपल्यावर त्यांची गाठ कोणाशी पडत नसावी.)

सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच, माझी पाच फूट सहा इंच. जमिनीपासून कोपरापर्यंत त्यांचे माप ३६ इंच भरते, माझे ४१. उभ्याने करायच्या हलक्या कामासाठी पृष्ठभाग कोपराच्या चार ते सहा इंच खाली आणि जोर लावायच्या कामासाठी त्याहूनही खाली असावा, हा सर्वसाधारण नियम धरला, तर भाजी चिरायला त्यांना साधारण ३१ आणि मला ३६ इंच उंची सोयीची ठरते. सध्याच्या ओट्यावर परात ठेवून भाकरी थापताना हाताला जोर यावा म्हणून त्या टाचा उचलतात. शेगडीवर कढई चढली की तिचा काठ आणखी वर जातो. उलट सिंकमध्ये भांडी घासताना माझे हात ओट्याच्या बरेच खाली जातात आणि कंबर धरते. त्यामुळे शेगडी आणि सिंक एकाच पातळीवर असणे मला मुळातच गैरसोयीचे वाटते.

सिंककडचा तीन फुटांचा भाग ३६ इंचांवर आणि शेगडीकडचा पाच फुटांचा भाग ३० इंचांवर घ्यावा, असा विचार आहे. पाइप गॅस असल्याने खाली सिलिंडर मावण्याची अडचण नाही. सासूबाईंनी पाटावर उभे राहावे, असाही सल्ला मिळाला. पण गरम तेलाजवळ वयस्कर माणसाला पाटावर चढवणे मला पटत नाही. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली आखलेल्या फ्रँकफर्ट किचनमध्ये (जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या घरांसाठीचे आटोपशीर स्वयंपाकघर), जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरच्या जागेतही, बसून काम करण्यासाठी स्टूल होते. तशी बसून भाजी निवडण्यापुरती सरकती फळी शेगडीच्या बाजूला ओट्याखाली बसवता येईल का?

अशी पायरी असलेला ओटा कोणी वापरत असल्यास कृपया सांगावे: वरच्या भागातले पाणी शेगडीकडे उतरू नये म्हणून ग्रॅनाइटला कड किती ठेवली, आणि जोडाच्या उभ्या पट्टीत खरकटे अडकते का? शिवाय सहा इंचांचा फरक रोजच्या वापरात जास्त होतो का? भरलेले पातेले सिंककडून शेगडीकडे सरकवता येणार नाही, उचलावेच लागेल, ही माझी मुख्य शंका आहे.