परिवीक्षा अधिकारी की परिवीक्षाधीन अधिकारी?

शब्दपाखरू
एका संस्थेसाठी पत्रक मराठीत करतेय. गुन्हा शाबीत झाला, पण कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं, अशा पोरांच्या घरच्यांसाठी आहे. 'प्रोबेशन ऑफिसर'ला मी 'परिवीक्षा अधिकारी' लिहिलं, सरकारी शब्दच तो. तपासणाऱ्या बाईंचा समासात शेरा: "ही बँकेची परीक्षा का?" बँकेत नवा चिकटलेला तो परिवीक्षाधीन अधिकारी, म्हणजे ज्याच्यावर लक्ष आहे तो. आणि हा लक्ष ठेवणारा. आईला वाचल्या वाचल्या कळेल असं काही आहे का? 'सुपरव्हिजन'लाही सुचवा: देखरेख, निगराणी, की आणखी काही?

काळा कोट
प्रोबेशनच ठेवा. तालुक्याच्या कोर्टात आया "प्रोबेशनवाल्या मॅडम घरी येऊन गेल्या" असंच सांगतात. मॅडम येतात गृहचौकशीला. घरात कमावतं कोण, पोरगा कुणात उठतो-बसतो, शेजारी काय बोलतात. त्याचा अहवाल कोर्टात जातो. मग १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्याच्या कलम ४ खाली बाँड, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. बाँड मोडला तर मात्र मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा पुढ्यात.

दीर्घवेलांटी
आया म्हणतात म्हणून लिहायचं, तर मग भाषांतर करताच कशाला? परिवीक्षा हा सरळ शब्द आहे, सगळ्या बाजूंनी नीट पाहणं. फक्त 'वी' दीर्घ. वि + ईक्षा = वीक्षा. 'परीक्षा'तली 'री' दीर्घ चालते आणि इथे सरकारी कागदावर निम्म्या वेळा 'परिविक्षा'!

काळा कोट
वेलांटीमुळे कुणाचा बाँड रद्द झाल्याचं ऐकलं नाही, गुरुजी.

सिद्धेश्वरपेठ
निगराणी अजिबात नको. आम्ही सोलापूरचे. इथे 'सेटलमेंट' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं लेकरू ते, आमची घरं तारेच्या आत. कुठे जायचं तर परवानगी, आणि रोज हजेरी. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. माझी आजी मात्र शेवटपर्यंत शाळेतल्या हजेरीला 'पट' म्हणायची. "मास्तरांनी पट घेतला का?" तो दुसरा शब्द तिने कधी तोंडात घेतला नाही. पत्रकात 'हजेरी' घालाल तर आमच्याकडे कुणी पुढचं वाचणार नाही.

दीर्घवेलांटी
'देखरेख' घ्या मग. मुलांवर, पिकावर, आजाऱ्यावर ठेवतात ती. निगराणी तशीही फारसी.

सिद्धेश्वरपेठ
फारसी आहे म्हणून नको म्हटलं नव्हतं मी.

न्यूजर्सीकर_काकू
इकडे शेजारचा एक मुलगा पॅरोलवर आहे, त्याला दर महिन्याला ऑफिसरला भेटावं लागतं. त्याला 'अभिवचन' म्हणतात ना? फ्रेंचमध्ये 'पारोल' म्हणजे दिलेला शब्द. किती चपखल!

काळा कोट
चपखल आहे, पण काकू, वस्तू वेगळी. तुमच्याकडचा पॅरोलवाला उरलेली शिक्षा बाहेर काढतो. आपल्याकडची ती 'अभिवचन रजा', घरात मयत झालं, कुणी गंभीर आजारी पडलं की मिळते आणि संपली की परत आत. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. फर्लो ती 'संचित रजा', कारण द्यावं लागत नाही, आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. १९५९ च्या नियमांपासूनचा हा घोळ, वर्तमानपत्रं दोन्हीला 'पॅरोल' लिहून मोकळी होतात.

न्यूजर्सीकर_काकू
फर्लो डच ना? आमचे हे पलटणीत होते, तेव्हा पत्रात 'फर्लोवर येतो' असायचं.

पंपूशेठ
हिंदीत 'फरलो मारना' म्हणजे कामावरून दांडी. हे त्यातलंच असणार.

शब्दपाखरू
ताई-दादांनो, माझा अधिकारी राहिला. शिवाय 'आफ्टर केअर'ला 'अनुरक्षण' लिहायचं का? मला ते रेल्वेच्या डब्याचं वाटतं.

दीर्घवेलांटी
अनुरक्षणगृह हा रूढ शब्द आहे. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेली मुलं तिथेच राहतात. रेल्वेचं हिंदी तुमच्या डोक्यात बसलंय, त्याला शब्द काय करणार?

पंपूशेठ
त्यापेक्षा नवीन न्याय संहितेतली 'कम्युनिटी सर्व्हिस' सोडवा आधी. १ जुलै २०२४ पासून लागू. पहिल्यांदाच चोरी, पाच हजारांच्या आतली, माल परत केला, तर ही शिक्षा. दारू पिऊन चारचौघांत दंगा केला तरी होऊ शकते. पेपरात 'समाजसेवेची शिक्षा' वाचलं आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष दिवसभर रुसून बसले.

न्यूजर्सीकर_काकू
श्रमदान म्हणा की!

काळा कोट
कोर्टाने करायला लावलं ते दान कसलं?

पंपूशेठ
मग वेठबिगार.

काळा कोट
ती घटनेच्या कलम २३ ने बंद आहे.

पंपूशेठ
काम बंद आहे की शब्द?

काळा कोट
काम. शब्द आमच्या ज्युनिअरांच्या तोंडी रोज असतो.