प्रोसेसर बदलल्यापासून पीसी सुरू होईना, पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच

अल्बमवाली_फुलेवाडी
नमस्कार. काल रात्रीपासून अडकलेय, कुणीतरी मार्ग सांगा.

मी घरी लग्नाचे अल्बम करते. नवरा फोटो काढतो; निवडणं, कलर आणि करिझ्माची पानं लावणं माझ्याकडं. पीसी २०१८ च्या दिवाळीत घेतलेला: प्रोसेसर रायझन ३ २२००जी, बी४५० चा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, विंडोज एसएसडीवर आणि फोटो २ टीबीच्या हार्ड डिस्कवर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, कधी लागलंच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या यादीत २२००जी नाही. म्हणून शाहूपुरीतल्या एका दुकानातून रायझन ५ ५६०० आणला. "सॉकेट एकच आहे ताई, काढायचा आणि बसवायचा" असं सांगितलं होतं.

कूलरचे चार स्क्रू काढले आणि कूलर वर ओढला, तर जुना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटूनच वर आला. पोटात गोळा आला. नवीन बसवला, उष्णता ओढून घेणारी पेस्ट कूलरला आधीच लावलेली होती. बटण दाबलं, पंखे फिरतात, रॅमचे दिवे लागतात, मॉनिटर "नो सिग्नल". बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, त्यातला सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) लिहिलेला सतत पेटून राहतो.

कागलच्या लग्नाचा अल्बम रविवारी लॅबला द्यायचाय, गडहिंग्लजचा त्याच्या मागोमाग. कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करून झालीत. ते फोटो फक्त त्या डिस्कवर आहेत. लोकांच्या घरचं लग्न आहे ओ ते, परत काढता येत नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली
ताई, प्रोसेसरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आठ पिनांची वायर असते ती लावलीय का बघा. कूलर घालताना ती बऱ्याचदा निघते आणि मग अगदी असंच होतं, पंखे फिरतात आणि बाकी काही नाही. लावलेली असेल तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि एकाच रॅमवर चालवून बघा. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, घाईनं बंद करू नका. नवीन प्रोसेसर पहिल्यांदा रॅमशी जुळवून घेतो तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते.

अल्बमवाली_फुलेवाडी
वायर लावलेली होती. सेल काढला, एक रॅम ठेवली, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. दिवा तसाच.

जुना_सोल्डर
ताई, आधी फोटोंचं. प्रोसेसर बदलण्याचा हार्ड डिस्कशी संबंध नाही, फोटो जागच्या जागी आहेत. तरी जीव थाऱ्यावर यायला डिस्क बाहेर काढा, साटा-यूएसबी ॲडॅप्टरनं लॅपटॉपला लावा आणि कागलचं फोल्डर दुसरीकडं कॉपी करून घ्या. २ टीबीची डिस्क मोठी असेल तर त्या ॲडॅप्टरला स्वतःचा वीजपुरवठा लागतो, तो असलेलाच आणा. हे झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. मनात धास्ती ठेवून पिनांवर हात चालत नाही.

आता दिवा. मी इचलकरंजीत बावीस वर्षं बोर्ड दुरुस्त करतोय. तुमची कहाणी वाचून मला पहिला संशय बायोसचा, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा येतो. बोर्ड २०१८ चा, प्रोसेसर २०२२ चा. दोघांचं सॉकेट एएम४, म्हणून बसतो बरोबर, पण त्या वेळच्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. एएमडीनं तर मे २०२० मध्ये सांगितलं होतं की बी४५० वर झेन ३, म्हणजे तुमच्या ५६०० च्या पिढीचे प्रोसेसर, चालणारच नाहीत. लोकांनी आवाज उठवल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला, आणि बोर्डवाल्यांनी पुढं नवे बायोस दिले. तुम्ही सात वर्षांत कधी बायोस अपडेट केलाय का? केला नसेल तर नव्या प्रोसेसरवर कितीही प्रयत्न करा, तो दिवा विझणार नाही.

तुमच्या हातातला मार्ग म्हणजे जुना २२००जी परत बसवायचा. पण आधी तो उलटा करून बघा. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, आणि तुमचा तर लॉक असतानाच उपटून आलाय. उजेडात धरून ओळीनं तिरकं बघा, मोबाइलचा कॅमेरा झूम करा. वाकलेली दिसली तर शिसं काढलेल्या, खटका दाबायच्या पेन्सिलची धातूची नळी पिनेवर घालून कणाकणानं सरळ करा. एकदाच, हळू. मागं-पुढं करत बसलात तर तुटते. बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर स्वतःच्या वजनानं खाली बसला पाहिजे, बोटानं दाबायचा नाही.

कूलर उपटायचं कारणही सांगतो, कारण आता तुम्हाला तो दोनदा काढावा लागणार. जुनी पेस्ट थंड झाली की गोंदासारखी धरते. पीसी दहा मिनिटं चालवून बंद करायचा, प्लग काढायचा, आणि गरम असतानाच कूलर डावी-उजवीकडं हलकेच पिळून सोडवायचा. सरळ वर ओढायचा नाही. दर वेळी पेस्ट नवीन, जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून.

चालू झाला की सिस्टीम इन्फर्मेशन उघडून बायोसची तारीख इथं टाका. मग बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, ५६०० समोर कोणता बायोस लिहिलाय तो घ्या. खालची टीप वाचल्याशिवाय उतरवू नका. कित्येक बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच असते. नव्यांना जागा करायला काही बायोसमधून जुने प्रोसेसर काढलेत, आणि काही ठिकाणी मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते.

अल्बमवाली_फुलेवाडी
काका, दोन दिवसांनी लिहितेय. फोटो कॉपी झाले, तेव्हा कुठं जेवण गेलं.

कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या होत्या. नवऱ्यानं भिंग धरलं, मी सरळ केल्या. सव्वा तास लागला. २२००जी लगेच चालू झाला. बायोसची तारीख २०१८ चीच! टीपेत मधली आवृत्ती आधी टाकायला सांगितली होती, तशी टाकली, मग नवी. पेनड्राइव्ह फॅट३२ केला आणि विंडोजमधून न करता बायोसमधूनच अपडेट केलं. वळवाचे ढग होते म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला, मध्येच लाइट गेली असती तर बोर्डच गेला असता.

मग गरम असताना पिळून कूलर काढला, अलगद निघाला. ५६०० बसवला. सीपीयूचा दिवा लागला आणि विझला, मला वाटलं झालं. पण आता व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स) लिहिलेला दिवा पेटून राहिलाय. स्क्रीन काळीच. एचडीएमआयची केबल बदलून बघितली, मॉनिटर लॅपटॉपवर चालतो. आता काय राहिलं?

राजारामपुरी_७वी_गल्ली
ताई थांबा! वेगळं कार्ड नाही म्हणालात ना? २२००जी मधल्या 'जी'चा अर्थच आत ग्राफिक्स आहे. साध्या ५६०० मध्ये ते नाही. बोर्डाच्या एचडीएमआयला चित्र देणारंच कुणी उरलं नाही. तुमचा पीसी आत्ता बहुतेक नीट चालू आहे, फक्त दिसत नाही. कुणाचंही जुनं कार्ड मागून लावा आणि केबल कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नाही.

जुना_सोल्डर
बरोबर आहे. पहिल्याच पोस्टमध्ये ताईंनी लिहिलं होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं, माफ करा ताई. कार्ड लावल्यावर एफटीपीएमबद्दल, म्हणजे प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायच्या जागेबद्दल, प्रश्न येईल, नवा प्रोसेसर दिसतोय, रीसेट करू का, वाय की एन. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू नसेल तर वाय दाबा. चालू असेल तर रिकव्हरी की हातात असल्याशिवाय वाय दाबू नका.

अल्बमवाली_फुलेवाडी
आलं! शेजारच्या पोरानं त्याच्या जुन्या पीसीतलं जीटी ७१० कार्ड आणून दिलं. लावल्या लावल्या तोच प्रश्न आला, बिटलॉकर नाही म्हणून वाय दाबलं, आणि विंडोज जशीच्या तशी उघडली. मी आणि नवरा दोघंही नुसतं स्क्रीनकडं बघत बसलो.

दुकानदार ५६०० परत घेऊन ५६००जी द्यायला तयार आहे. घेऊ का?

जुना_सोल्डर
माझं मत, घेऊ नका. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी मध्ये १६. शिवाय जी वाला स्क्रीनसाठी तुमच्याच रॅममधला वाटा खातो, आणि अल्बमच्या पानांना रॅम लागते. त्यापेक्षा एखादं साधं, वापरलेलं कार्ड बघा, लावून दाखवणाऱ्याकडूनच घ्या. तोवर ७१० वर काम निघेल.

अल्बमवाली_फुलेवाडी
ठीक आहे, ५६०० ठेवते. कागलची छत्तीस पानं एक्सपोर्टला लावलीत, रविवारी लॅबला जातील. पेस्टची अर्धी ट्यूब उरलीय, फुलेवाडी-रंकाळा भागात कुणाला लागली तर सांगा, आणून देते.